पॉलिनबाईंच्या व्हिसाची मोहीम

येशूकृपेकरून राजमान्य राजश्री व्हर्ननसाहेब डाबरे, वसईकर, हल्ली मुक्काम अल मजाज, शारजा, मजला सातवा, यांणीं अरबी जबानीच्या दरबारी जी मोहीम मारिली तिची हकीकत ऐकणाराने चित्त देऊन ऐकावी.

अरबी जबान थोर. विसांहून अधिक दौलतींत तिचा शिक्का चालतो, सकळ राष्ट्रांच्या पंचायतीत तिला गादी आहे, आणि अमिरातीत तर तीच राजभाषा. ऐसे असोन व्हर्ननसाहेबांचे तिच्यावांचून काही अडले नव्हते. भाजीवाल्या मल्याळ्याशी हिंदी, टॅक्सीवाल्या पठाणाशी हिंदी, हपीसातले रुसवेफुगवे इंग्रजी. अरबी म्हणाल तर यल्ला म्हणजे चला आणि खलास म्हणजे झाले, एवढीच फौज पदरी होती. मात्र खाशा पॉलिनबाई लग्न होऊन वसईसच राहिल्या होत्या, आणि साहेब दोघांच्या पलंगावर एकटेच निजत होते, आणि हे दुःख लहान नव्हे.

मग साहेब लग्नाचा दाखला घेऊन व्हिसाच्या कचेरीवर चालून गेले. तेथे हुकूम जाहला की दाखला इंग्रजी, सबब नामंजूर. अरबी तर्जुमा शिक्क्यानिशी रुजू करावा. साहेब माघारे फिरले आणि तर्जुमा करविला, पण मनात धास्ती बसली की सवालही अरबीत आले तर जबाब कोण देणार. तेव्हा इमारतीतल्या मंडळींची मसलत बसली आणि एकमुखाने ठरले की त्याच इमारतीतले, जबल अली बंदरातल्या गोदामाचे कारभारी हमदुल्लाभाई होडेकर, रत्नागिरीकर, यांस वकील करून न्यावे; कां की ते पाच वक्त अरबीतच बोलतात.

हमदुल्लाभाईंस अरबी पाठ होती, समजत मात्र नव्हती. हे ते सांगणारच होते. पण इतक्या मानाने आजवर कोणी बोलाविले नव्हते, आणि व्हर्ननसाहेबांनी दोन्ही हात धरिले, मग ती गोष्ट राहूनच गेली.

पुढे शुभ्र सदरा, दाढीला अत्तर, ऐशा थाटाने वकील पुढे आणि साहेब मागे, ऐसे खिडकीपाशी उभे ठाकले. आत अंमलदारबाई. त्यांणीं तर्जुमा वाचून वकिलास अरबीत पुसिले की पॉलिन ही आपली बायको काय. वकील अदबीने उत्तरले, "अल्हम्दुलिल्ला." पुसिले, तिला येथे सुखात ठेवाल काय. "इन्शाल्ला." साहेबांस त्यातले पॉलिन एवढेच उमगले, पण बाई मान डोलवीत होत्या, तेव्हा काम फत्ते समजोन त्यांणीं खुशीने वकिलाची पाठ थोपटिली. आणि बाईंनी शिक्का उचलिला.

इतक्यात त्यांची नजर अर्जावरच्या नवऱ्याच्या फोटोवर गेली. फोटोत गाल गुळगुळीत, आणि समोर हातभर दाढी. बाईंनी शिक्का खाली ठेविला आणि चोख हिंदीत फर्माविले, "भाईसाब, शादी किसकी हुई है? आपकी, या इनकी?"

हमदुल्लाभाई दोन पावले मागे सरले. आणि व्हर्ननसाहेब, ज्यांणीं उभ्या जन्मात कोणा अधिकाऱ्यापुढे आवाज चढविला नव्हता, ते काउंटरवर हात आपटून गरजले, "मॅडम, बायको मेरी है! ये तो खाली दुआ करने को आया है!"

मग बाई हसल्या, ऐशा हसल्या की शेजारच्या खिडक्यांचे काम थांबले. "तो सीधा बोलो ना! खलास!" म्हणाल्या, आणि शिक्का योग्य नवऱ्याच्या नावे उमटला. राजभाषेचा मान कागदावर अबाधित राहिला, आणि लढाई मारिली हिंदीने, जिला त्या कचेरीच्या पाटीवरदेखील जागा नाही.

मग यथावकाश पॉलिनबाईंस हमदुल्लाभाईंनीच आपल्या गाडीतून विमानतळाहून आणिले. बाईंनी दारात उभ्या राहून चौफेर पाहणी केली. पलंग होता, फ्रीज होता, भिंतीवर क्रूस होता. मग पुसिले, "व्हर्नन, पडदे कुठे आहेत? अख्खी शारजा आत बघतेय ना!"

साहेबांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत त्यांजला घरात कोणी रागावले नव्हते. ते पाहून वकिलाने कानाशी लागून अखेरचा सल्ला दिला, "आमीन म्हणा."

"आमीन," साहेब म्हणाले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन सदरहू घराची राजभाषा मुक्रर जाहली, आणि पडदे त्याच संध्याकाळी लागले.