लॉर्नाचे पॅनकेक आणि गॅसचा भोंगा

शनिवारी सकाळी लॉर्नाने तव्यावर पहिला पॅनकेक टाकला आणि मोटारहोममधला, म्हणजे चाकांवरच्या घरातला, गॅसगळतीचा भोंगा कोकलू लागला. भोंगा वाजला की टाकीचा गॅस आपोआप बंद, अशी या जुन्या गाडीची सोय होती. शेगडी विझली. पॅनकेक धड कच्चा नाही, धड भाजलेला नाही, असा तव्यावर पडून राहिला.

"सलग तिसरा दिवस!" लॉर्नाने नवऱ्यासमोर उलथनं आपटलं. "आर्विड, नीट ऐक. आज या शेगडीवर पॅनकेक झाले नाहीत ना, तर ही गाडी विकायची आणि टूसनला माझ्या बहिणीशेजारी फ्लॅट घ्यायचा."

मिनेसोटात बर्फ पडू लागला की ही गाडी काढायची आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात येऊन मुक्काम ठोकायचा, यापलीकडे निवृत्तीचं सुख आर्विडला माहीत नव्हतं. मेव्हणीशेजारचा फ्लॅट म्हणजे जन्मठेपच.

लॉर्ना हे बोलली तेही चांगलं खणखणीत आवाजात. बाहेर शेजारच्या गाड्यांची अख्खी रांग घडीच्या खुर्च्या आणि ताटल्या घेऊन बसली होती. शनिवारी लॉर्नाच्या आंबवलेल्या पिठाचे पॅनकेक खायचे, हा तिथला शिरस्ता. दुसरा शिरस्ता असा, की कुणाच्या गाडीत बिघाड झाला तर शेजाऱ्याने सल्ला द्यायचाच. न देणारा शिष्ट ठरतो. त्यामुळे ओक्लाहोमाचा हॉबर्ट पाना घेऊनच उठला. त्याने जन्मभर शाळेची बस चालवली होती, पण गॅसमधलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं स्वतःचं मत होतं.

"गळती आहे," तो म्हणाला. "साबणाचं पाणी आण."

तोवर भोंगा आपणहून गप्प झाला होता. सगळ्या सांध्यांना साबण चोपडून झाला. एक बुडबुडा येईल तर शपथ!

"मग कापून टाक तार त्या भोंग्याची."

"आधी तुझी जीभ कापते," लॉर्ना आतून ओरडली. "झोपेत मेलो आम्ही, तर तुला खायला कोण घालेल?"

हॉबर्टने टाकीचा कॉक बंद केला आणि सगळं नव्याने सुरू करायचं म्हणून एका हिसक्यात उघडला. टाकीतल्या सुरक्षा-झडपेला वाटलं, नळीच फुटली. तिने गॅस दोऱ्याएवढा करून टाकला. आता शेगडीवर ज्योत काय ती मेणबत्तीएवढी.

"रेग्युलेटर गेला," हॉबर्टने निदान केलं आणि तो उतरवलासुद्धा. तोंडाशी एक कोळी सहकुटुंब राहत होता. त्याला हलवलं, रेग्युलेटर पुसून बसवला, सांधे पुन्हा साबणाने तपासले. ज्योत तेवढीच! शेवटी आर्विडने कुणालाही न विचारता टाकी बंद केली, जरा थांबला आणि कॉक हळूहळू उघडला. शेगडी भरभरून पेटली. बाहेर टाळ्या पडल्या.

लॉर्नाने डाव भरून पीठ घेतलं, तव्यावर ओतलं आणि पुन्हा तोच भोंगा.

या वेळी आर्विडने टाकीच बंद केली. दारंखिडक्या उघडल्या. गाडीत गॅसचा नुसता वासही नव्हता, तरी भोंगा आपला कोकलतोच आहे.

"बहिणीला फोन लावते," म्हणत लॉर्ना बाहेर पडली.

आर्विड रडकुंडीला आला. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून भोंगा जमिनीलगतच बसवलेला असतो. तो पालथा पडला आणि त्याने तिथे नाक लावलं. वास आला, पण बिअरचा! भोंग्याला खेटून, हीटरच्या उबेला, लॉर्नाने पिठाची बरणी ठेवली होती. यंदा खाणारी तोंडं वाढली म्हणून चांगली मोठी. पीठ काढल्यापासून झाकण उघडंच होतं आणि आत पीठ खदखदत होतं. आर्विडने झाकण लावून बरणी दुसऱ्या टोकाला नेली. थोड्या वेळाने भोंगा थांबला. बरणी परत आणून उघडली, तशी पुन्हा किंकाळी.

"माझ्या बरणीशी काय चाललंय तुझं?" लॉर्ना दारात उभी होती, फोन कानालाच.

"वाफा येतायत गं," आर्विड कुजबुजला. "दारूच्या. आंबलंय ना ते. भोंग्याला वाटतं गॅसच सुटलाय."

जन्मात दारूचा थेंब न घेतलेल्या लॉर्नाने वाकून वास घेतला आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. बाहेरून हॉबर्टने हाक मारली, "काय रे, सापडलं का काही?"

"नंतर करते गं," लॉर्नाने फोनवर बहिणीला सांगितलं. मग बरणी उचलून थेट वरच्या फळीवर ठेवली आणि दाराबाहेर तोंड काढून जाहीर केलं, "आर्विडने दुरुस्त केलं!"

"मग गाडीचं काय करायचं?" आर्विडने भीतभीत विचारलं.

"गाडीचं काय करायचंय? टाकी उघड. हळू."

पहिला पॅनकेक फुगला, तसा हॉबर्ट ताटली घेऊन पुढे सरसावला. त्याच्या मागे सगळी रांग कान टवकारून उभी.

"पण तू नेमकं केलंस काय?"

"थोडं सरकवलं," आर्विड म्हणाला.

"अरे, काय सरकवलंस?"

आर्विडने लॉर्नाकडे पाहिलं. नवऱ्याला नेहमी सगळ्यांच्या शेवटी वाढणाऱ्या लॉर्नाने तो लोणी ओघळणारा पॅनकेक अख्खाच्या अख्खा त्याच्या तोंडात कोंबला.

"जेवताना बोलत नाही तो," ती हॉबर्टला म्हणाली.