करंट गेल्यावर दाखवा

वाघमारे मॅडम शिकवता शिकवता उठतात, वर्गाबाहेर जातात आणि जिन्याखालचा मेन स्विच खाली ओढतात. पंखे थांबतात, एसी गप्प होतो, वर्गातले सगळे कंप्यूटर एका दमात मान टाकतात आणि अंधारात देशोदेशीचे अधिकारी आपापल्या भाषेत देवाचं नाव घेतात. मॅडम शांतपणे परत येऊन खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "हां. आता दाखवा."

हैदराबादेतल्या आमच्या प्रशिक्षण संस्थेत आफ्रिकेतले, आशियातले, नकाशात भिंगानं शोधावं लागेल अशा बेटांवरचे सरकारी लोक शिकायला येतात. कंप्यूटर आणि मोबाइल वापरून आपल्या देशातले दवाखाने, शाळा, धान्याची दुकानं नीट कशी चालवायची, हा विषय. मी वसतिगृह सांभाळतो. या लोकांच्या भातात मिरची किती घालायची हे माझं खातं. अंधारात काय करायचं हे मॅडमचं.

"करंट असताना सगळेच हुशार असतात, शिंदे भाऊ," त्या म्हणतात. "करंट गेल्यावर दाखवा."

हे वाक्य त्या कंप्यूटरपुरतंच वापरत असत्या तर माझी तक्रार नव्हती. माझ्या मुलीला स्थळ आलं. मुलगा शिकलेला, पगार उत्तम. मी पेढे घेऊन गेलो तर पेढा हातात धरून मॅडम म्हणतात, "मुलगा चांगला आहे म्हणता, पण करंट गेल्यावर बघितलाय का?" झालं, माझी झोप उडाली. शेवटी काहीतरी निमित्त काढून मी त्या मुलाला ऐन गर्दीच्या वेळी बेगम बाजारात नेलं आणि तांदळाचं पोतं त्याच्या खांद्यावर दिलं. पोरगं घामाघूम झालं, दोनदा हातगाडीला धडकलं, पण हसत राहिलं. जावई उत्तम निघाला. श्रेय मॅडम घेतात.

त्यांचं बोलणं नांदेडचं आणि वर हैदराबादी फोडणी. रागावतात मात्र अस्सल नांदेडी मराठीत, मग समोरचा कुठल्याही खंडातला असो, आणि नवल म्हणजे त्याला ते कळतं. वर्गासाठी त्या साधे, बटणांचे फोन विकत आणतात. नवा फोन आला की आधी पिठाच्या डब्यात घालून खळखळून हलवतात. "तिकडं धूळ असते. तिची सवय त्याला इथंच लागलेली बरी." त्यातून जो वाचतो तो वर्गात जातो. जो वाचत नाही तो मला भेट म्हणून मिळतो.

गेल्या वर्षी मलावी देशातून ग्रेस नावाची नर्स आली. लाजाळू इतकी, की जेवणात मीठ नाही हेसुद्धा सांगायची नाही. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी स्विच ओढला आणि तिचं सकाळपासूनचं टायपिंग गेलं. ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली.

"रडायलीस कशाला?" मॅडम कडाडल्या. "तुझ्या दवाखान्यात रोज करंट जातो म्हणलीस ना? मग तिथं बी रोज रडशील का? लिही परत!"

ग्रेसनं डोळे पुसले आणि परत लिहिलं. तिचं काम असं होतं. दूरच्या खेड्यातल्या दवाखान्यात औषध संपतं, पण जिल्ह्याच्या गोदामाला ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून नर्सनं रोज सकाळी साध्या फोनवरून औषधाचं नाव आणि शिल्लक आकडा मेसेज करायचा. संस्थेतला कंप्यूटर तो वाचणार आणि औषध कमी पडत असेल तर गोदामाला लगेच कळवणार. दिसायला यात काहीच नव्हतं, आणि तीच अडचण होती.

कारण आमच्या संचालक साहेबांना दिसायला हवं होतं. बोट लावलं की नकाशे रंग बदलतात असा एक नवा अभ्यासक्रम त्यांनी हेरून ठेवला होता. मॅडमच्या वर्गाबद्दल त्यांनी स्पष्टच सांगितलं, की वेगवेगळ्या देशांचे पाहुणे प्रात्यक्षिकं बघायला येताहेत, त्यांना आवडलं तर ठीक, नाही तर पुढच्या वर्षीपासून हा वर्ग बंद. "आणि त्या दिवशी स्विचला हात लावायचा नाही."

 त्या संध्याकाळी मॅडम चहा घ्यायला आल्या नाहीत. तो वर्ग गेला तर या बाई काय करतील, याचा मी विचार करून बघितला आणि मला तो करवेना.

प्रात्यक्षिकांच्या दिवशी साहेबांनी मला जिन्याखाली, मेन स्विचसमोर उभं केलं. "मॅडम इकडे आल्या तर अडवायचं." आमचा इलेक्ट्रिशियन याकूबभाई माझी कीव करत म्हणाला, "तुमकूच बंदोबस्त पे खडा करे क्या? उनों आये तो मैं तो भागतूं, मियाँ."

हॉलचं दार उघडं होतं. नकाशे लाल-हिरवे झाले, टाळ्या पडल्या. मॅडम पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या बसल्या होत्या. मग ग्रेसचं नाव पुकारलं. ती व्यासपीठावर गेली, माइकसमोर उभी राहिली आणि नुसतीच उभी राहिली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी मनातल्या मनात तुळजाभवानीला साकडं घातलं.

ग्रेस व्यासपीठावरून उतरली. गेली पळून, असं मला वाटलं. पण ती सरळ हॉलबाहेर, जिन्याखाली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि याकूबभाईकडून शिकलेल्या बोलीत अदबीनं म्हणाली, "थोडा सरको ना, सर."

आता मला हुकूम होता तो मॅडमना अडवायचा. ग्रेसबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि नोकरीत माणसानं हुकमाच्या बाहेर जाऊ नये. मी सरकलो.

खाट! हॉल काळा झाला. पाहुण्यांत गलका उठला. साहेब ओरडले, "वाघमारे मॅडम!"

"मी इथंच बसलेय, साहेब," अंधारातून आवाज आला. इतका आनंद मी त्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

ग्रेस परत व्यासपीठावर चढली. माइक बंद होता, पण आता तिला माइक लागतच नव्हता. "आता हे आमच्या दवाखान्यासारखं झालं," ती खणखणीत इंग्रजीत म्हणाली. खिशातून पिठाच्या डब्यातून वाचलेला एक फोन काढून तिनं मुख्य पाहुण्यांच्या हातात दिला. "तुम्ही नर्स. तापाचं औषध संपत आलंय. कळवा." दुसरा फोन मागच्या रांगेतल्या बाईंना दिला. "तुम्ही गोदाम." पाहुण्यांनी बटणं दाबली. टेबलावर मेसेज वाचणारा ग्रेसचा लॅपटॉप बॅटरीवर मिणमिणत होता.  आणि मागच्या रांगेत फोन वाजला! त्या बाईंनी उभं राहून मेसेज वाचला: औषध कमी आहे, पाठवा.

मग ज्या टाळ्या पडल्या त्यांना करंटची गरज नव्हती. पाहुणे खुर्च्या सरकवून उठले, हाच वर्ग आमच्या लोकांना हवा म्हणून साहेबांना गराडा पडला. साहेबही मोठे चतुर. "अंधार हा आमच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे," ते घाम पुसत म्हणाले. आता जिन्याखाली लाल रंगाचा नवा दांडा बसवलाय आणि वर्गाच्या उद्घाटनाला पाहुणे दीपप्रज्वलनाऐवजी तो ओढतात. मॅडम शेजारी उभ्या राहून "जोरात ओढा, जोरात" म्हणतात.

ग्रेस परत गेली आणि तिचं काम तिच्या जिल्ह्यात सुरू झालं. सगळं छान चाललं असताना साहेबांनी मला बोलावलं. कंप्यूटरला जो मेसेज वाचता येत नाही तो तपासायला एका माणसाच्या फोनवर जातो. तो फोन अर्थातच मॅडमचा. असे चुकीचे मेसेज आधी क्वचित यायचे, आता रोज सकाळी रांगच लागत होती. "संस्थेचं नाव आहे. त्यांना विचारा, चूक दुरुस्त का करत नाहीत?"

बोनालूच्या सणाच्या सुट्टीला मी बरकतपुऱ्यात मॅडमच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोन खोल्या आणि एक खुर्ची. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पलंगावर बसल्या. मी विषय काढतोय तोच उशाशी ठेवलेला फोन वाजला, मग परत वाजला.

"हे घ्या, बघा," त्यांनी फोन पुढे केला. औषधाचं नाव बरोबर, आकडा बरोबर. पण पुढे दोन-तीन अनोळखी शब्द होते, आणि तिथंच कंप्यूटर अडत होता.

"तिकडं सकाळी एकमेकांना असंच विचारतात," मॅडम म्हणाल्या. "नीट उठलात ना, अमाई? अमाई म्हणजे आई."

"मग ग्रेसला सांगा ना. नर्सना एकदा समजावलं की चूक जाईल."

"ग्रेसनंच शिकवलंय त्यांना." मॅडमनी फोन माझ्या हातातून परत घेतला. "म्हणाली, अमाई एकट्या राहतात, रोज कुणीतरी विचारायला पाहिजे. आकडे मी माझ्या हातानं भरते, शिंदे भाऊ. एक बी चुकत नाही. हे तेवढं राहू द्या."

 मी घड्याळाकडे बघत म्हटलं, "पण अकरा वाजायला आले. तुम्ही तर पहाटेच उठत असाल."

"पाचला उठते. तिकडं आत्ता कुठं सकाळ झाली, त्यांना कशाला सांगायचं?" असं म्हणून मॅडमनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि एका बोटानं, एकेका मुलीला, सावकाश उत्तर लिहायला घेतलं: उठले गं. आत्ताच उठले.