निकालाच्या दिवसाचे विभागप्रमुख

उरकुडे सरांनी अकरा वर्षांत आमच्या हायस्कुलातल्या दहावीच्या प्रत्येक पोराला एकच प्रश्न विचारला. "पोहता येते काय गा?" मुलगी असली तर, "पोहता येते काय वं बाई?" उत्तर काहीही येवो, ते कार्डावर लिहायचे, पेनाला टोपण लावायचे आणि म्हणायचे, "जाय. झालं तुझं मार्गदर्शन."

हे गृहस्थ शाळेच्या मार्गदर्शन विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, एक लोखंडी कपाट आणि दोन खुर्च्या. त्यातली एक डुगडुगायची, आणि तिच्यावर सर स्वतः बसायचे, कारण आलेलं पोर आधीच डुगडुगत असते म्हणे. दारावर मात्र निळी पाटी होती. कोणी नुसतं 'उरकुडे मास्तर' म्हटलं तर ते पाटीकडे बोट दाखवायचे. "विभागप्रमुख म्हणत जा न बाप्पा. पगारात तर काही फरक नाही पडला, बोलण्यात तरी पडू द्या."

मी काटोलचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नागपुरात विज्ञान शिकवायला लागलो आणि मुख्याध्यापकांनी मला अर्धवेळ या विभागाला जोडलं. म्हणजे उरकुडे सर प्रमुख आणि मी उरलेला विभाग. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, डोक्यात हवा भरलेली. सरकारनं छापून पाठवलेल्या कार्डावर बत्तीस प्रश्न होते. आवड कोणती, छंद कोणता, पुढे काय व्हावंसं वाटतं. सर ते बत्तीसही सोडून द्यायचे आणि, कधी खोलीत तर कधी भर वर्गात विचारून, समासात पोहण्याचं लिहायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला आहे. स्टाफरूममध्ये तर सगळ्यांचं एकमत होतं. एका पालकानं लेखी तक्रार केली होती की, माझ्या मुलाला डॉक्टर करायचं आहे, खलाशी नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, "सर, निदान आवड तरी विचारू या."

"आवड विचारून काय करता? आवडीचं कॉलेज कोणी देऊन राहिलं काय त्याले?"

"मग पोहणं कशाला?"

"जून महिन्यात समजते."

"तुम्हाला येतं पोहता?"

"मले? नाही न. मले तर हौदाची पण भीती वाटते. म्हणून तर विचारतो."

जून आला आणि समजलं. दहावीचा निकाल लागायच्या आठ दिवस आधी सरांनी एक तक्ता केला. परीक्षेला सुपरविजनचा करतात तसाच, पट्टीनं रेघा मारून. डावीकडे जागा: तलाव, रेल्वेचं फाटक, मिलमागची विहीर, शाळेचं गेट. उजवीकडे मास्तरांची नावं. वर मोठ्या अक्षरात 'निकाल ड्यूटी'. सकाळी पेपरात नंबर यायचे. ज्याचा नंबर पेपरात नाही ते पोर दिवसभर कुठं जातं, हे पाहायचं. एवढंच काम. कार्डावर ज्यांच्यापुढे 'येत नाही' लिहिलेलं, आणि ज्यांच्या पास होण्याची फार आशा नाही, त्यांच्या घरी सर आदल्या आठवड्यात स्वतः सायकलनं जाऊन यायचे. उगाच पाणी मागायचे, बापाशी हवापाण्याच्या गोष्टी करायचे, निघायचे. "त्याले मारू नका," असं कधी म्हणायचे नाहीत. "निकालाच्या दिवशी पोट्ट्याले माझ्याकडे पाठवा, सामान हलवायचं आहे," एवढंच सांगायचे.

मी म्हटलं, "सर, तुमच्या घरचं कोणी... असं काही झालं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी लाज वाटली. "नाही न बाप्पा. आधी कोणी मरावं लागते काय?"

सरांचा आणखी एक नियम होता. समजूत काढायची नाही. "समजूत काढली का पोट्ट्याले वाटते, खरंच आपलं काही तरी मेलं. त्याले काम सांगा. उचलाले लावा, ढकलाले लावा." म्हणून दर वर्षी निकालाच्या दिवशी त्यांची सायकल पंक्चर व्हायची. हवा ते स्वतःच सोडायचे, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं, फक्त नापास पोरांना नसायचं. रडवेलं पोर दिसलं की, "ए गा, जरा धक्का दे न, गुडघा दुखून राहिला." पोर सायकल ढकलत दुकानापर्यंत जायचं, तिथं हवा भरून व्हायची, मग समोर पोहे-चना. तोवर दुपार व्हायची. पीटीचे खान सर रेल्वे फाटकावर असायचे. त्यांच्याजवळ जुन्या पेपरांचं पोतं, रडवेल्या पोराच्या डोक्यावर देऊन शाळेत पाठवायला. एकदा त्यांनी ते एका भलत्याच माणसाच्या डोक्यावर दिलं. तो बिचारा विमा कंपनीत कारकून होता, मालगाडी जायची वाट पाहत उभा होता. त्यानं ते शाळेपर्यंत मुकाट आणून टाकलं. आम्ही वर्षभर हसलो.

पण अकरा वर्षांत आमच्या शाळेचं एकही पोर निकालाच्या दिवशी जिवानिशी गेलं नव्हतं. इतर शाळांची जायची. पेपरात दोन ओळी यायच्या. सर त्या वाचायचे, पेपराची घडी करायचे आणि कपाटात ठेवून द्यायचे.

माझ्या तिसऱ्या जूनला तक्त्यावर माझं नाव तलावापुढे आलं. वेळ सकाळी नऊ ते चार. पाऊस नव्हता, उन्हानं तलावाच्या पायऱ्या तापल्या होत्या. मी बारापर्यंत लिंबाखाली बसलो. तीन पोरं आली, तिघं मिळून बिडी ओढून गेली, पास झाली होती. एक वाजता माझे डोळे मिटायला लागले. माझी खोली तिथून पाच मिनिटांवर. मी मनाशी म्हटलं, एवढ्या उन्हात कोण येणार. घरी गेलो, पंख्याखाली जरा लवंडलो. पाऊण तास झाला असेल.

परत आलो तेव्हा पायऱ्यांवर माणसं जमली होती. बुडाला तो दहावी ब मधला दिवाकर होता. शांत पोरगा, बाप मिलमध्ये मागावर. इंग्रजीत गेला होता. पाय घसरला की आणखी काही, कोणी पाहिलं नव्हतं. पाहायला जो बसवला होता तो पंख्याखाली होता.

उरकुडे सर सायकल टाकून धावत आले. त्या दिवशी सायकलीत हवा होती की नव्हती, मला आठवत नाही. पाण्यापासून चार हात दूर थांबले, भीतीनं की कशानं, आणि तिथंच खाली बसले. मी त्यांच्याजवळ वाकलो आणि म्हणालो, "सर, मी घरी गेलो होतो. लवंडलो जरा."  ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "त्यानं मले येते म्हणून सांगितलं होतं." मग स्वतःशीच पुढे बोलत राहिले. "भर वर्गात विचारलं मी. पोरी बसल्या होत्या. पंधरा वर्षांचा पोट्टा पोरींसमोर नाही येत म्हणीन काय? माह्या लक्षात कसं नाही आलं."

म्हणजे दिवाकरच्या कार्डावर 'येते' लिहिलेलं होतं, म्हणून सर त्याच्या घरी गेले नव्हते. अकरा वर्षांच्या त्या कार्डांमध्ये अशी किती खोटी 'येते' असतील, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत चौकशी बसली. संस्थेचे दोन सभासद, मुख्याध्यापक, एका खुर्चीवर दिवाकरचे वडील. नाव रामाजी. पांढरा सदरा, हात गुडघ्यांवर. मी आणि खान सर भिंतीला टेकून उभे. मला कायम करायचा कागद त्याच महिन्यात संस्थेपुढे जायचा होता. बायकोला सातवा महिना होता. हे सरांना माहीत होतं, कारण रोज डबा खाताना मी दुसरं काही बोलतच नव्हतो.

सरांनी तक्ता टेबलावर ठेवला. मी लांबूनच पाहिलं. तलावापुढे 'उरकुडे' होतं. माझं नाव शाळेच्या गेटवर गेलं होतं. तक्ता नवा होता, रात्री बसून पट्टीनं आखलेला.

"तलावावर तुम्ही होता?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"हाव."

"मग कुठे गेला होता?"

"घरी गेलो होतो," सर म्हणाले. "लवंडलो जरा."

माझेच शब्द. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम होतं. खान सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी उघडलं नाही. भ्यालो. त्याला दुसरा शब्द नाही, मी पुष्कळ शोधला.

विभाग बंद झाला. निळी पाटी काढली, खिळ्यांची भोकं राहिली. सरांना पाचवीचं गणित दिलं. ते तिथंही नीट शिकवायचे, पण विभागप्रमुख म्हणा, असं त्यांनी पुन्हा कोणाला सांगितलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मी आणि सर इतवारीत कापड घ्यायला गेलो होतो. माझ्या मुलीला पहिलं झबलं. समोरून रामाजी आले. थांबले. सरांना म्हणाले, "झोप झाली काय मास्तर?"

"झाली," सर म्हणाले.

रामाजी पुढे गेले. मला वाटलं संपलं. नंतर कळलं, ते महिन्यातून एकदा तरी सरांच्या घरी येतात. सुट्टीच्या दिवशी, सकाळी. दारात उभे राहतात, तेवढंच विचारतात. सर 'झाली' म्हणतात. कधी बसा म्हणतात, तर रामाजी बसतातही. चहा पिऊन जातात.

मला ते सहन होईना. एका रविवारी सरांच्या घरी गेलो. एकट्या माणसाचं घर. स्टोव्ह, खाट, भिवापूरहून भावानं पाठवलेल्या मिरच्यांची पिशवी, आणि खाटेखाली जुन्या कार्डांचे गठ्ठे, शाळेनं फेकायला काढलेले. मी म्हटलं, "सर, मी रामाजींना खरं सांगतो. आता मी कायम झालो. माझं काही जात नाही."

"काहून?"

"तुम्ही का ऐकून घ्यायचं?"

ते कांदा चिरत होते. चिरत राहिले. "त्याले कोणाले तरी विचारावं लागते न बाप्पा. नाही तर तो स्वतःले विचारीन. त्यानं त्या दिवशी सकाळी पोट्ट्याले हाणलं होतं. त्यानंच सांगितलं मले, इथं बसून." मग कांदा बाजूला सारून म्हणाले, "तू गेला त्याच्याकडे, तर तो तुह्याकडे येईन. तुह्या घरी लहान पोरगी आहे. दर महिन्याले दारात कोणी उभं राहीन, ते बरं नाही. माह्या घरी कोण आहे? तो आला म्हणून त्या दिवशी मी दोन कप चहा टाकतो. नाही तर एकच टाकतो."

मी घरी आलो. आपल्याला बरं वाटलं, याचीच किळस आली. पण बरं वाटलं, हे खरं.

तीन वर्षांनी सर रिटायर झाले आणि भावाकडे भिवापूरला गेले. आठ-दहा दिवसांनी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला की गेटवर कोणी उभं आहे. रामाजी होते. म्हातारे झाले होते, डोळ्यांना जाड भिंग.

"उरकुडे मास्तरांच्या घराले कुलूप आहे," ते म्हणाले. "कुठं गेले?"

"गावी. भिवापूरला."

"येणार नाहीत?"

"नाही. रिटायर झाले."

ते गेटच्या गजाला धरून उभे राहिले. पोरं आजूबाजूनं धावत होती. तिथं आम्ही दोघंच होतो. सर नव्हते, मुख्याध्यापक नव्हते, ऐकायला कोणी नव्हतं. 'तलावावर मी होतो,' हे वाक्य मला पाठ होतं, तीन वर्षं मी ते मनात रोज म्हटलेलं. रामाजींनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"मले लिहिता नाही येत," ते म्हणाले. "पत्ता लिहून द्या. मोटारीनं जाऊन येतो एखाद्या रविवारी. तिकडं ओळखीचं कोणी नसंन त्यांचं."

मी कागद घेतला, भिंतीवर धरला, आणि सुवाच्य अक्षरात भिवापूरचा पत्ता लिहून दिला.