मधमाशीचा ठसा

जोगळेकर काका कुणाकडेही जेवायला गेले, की पानात काय आहे ते बघायच्या आधी चमचा उलटा करून बघतात. मग खिशातून भिंग काढून डोळ्याला लावतात. यजमानीणबाई श्रीखंड वाढायची थांबतात. "चीन," काका जाहीर करतात आणि निमूटपणे जेवायला लागतात.

"डॅड, ही इज डूइंग इट अगेन," माझी मुलगी मला कोपरानं ढोसते.

अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरमधली निवृत्त माणसं गोल्फ खेळतात किंवा नातवंडांना सॉकरला पोचवतात. काका जुन्या फ्रेंच चांदीच्या चमच्यांवरचे ठसे वाचतात. फ्रान्सशी त्यांचा संबंध एवढाच, की एकदा पॅरिसला विमान बदललं होतं. तरी तिथले दीडशे वर्षांपूर्वीचे कारागीर कॉलेजात आपल्या बाकावर बसत असल्यासारखं काका बोलतात. "हा जरा आळशी होता. काट्याचे दाते बघ."

त्यांच्या शिकवणीतून कुणी सुटत नाही. शिरस्त्राण घातलेल्या बाईचं डोकं, तो सरकारचा शिक्का. शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराची इवलीशी चौकट असते, तिच्यात कारागिराची अक्षरं आणि त्याचं एखादं चिन्ह.

एवढ्या विद्वानाला एक चांदीचा डाव मात्र ओळखता येत नव्हता, आणि तो त्यांच्याच स्वयंपाकघरातला होता. वसुधाकाकूंनी तो कुठल्याशा गराज सेलमधून आणला आणि वीस वर्षं त्यानं आमटी वाढली. दर सणाला काकूंनी देवाच्या भांड्यांबरोबर त्यालाही चिंच लावून रांगोळीनं घासलं. काकांना हा छंद जडेपर्यंत चौकटीत फक्त एक मधमाशी उरली होती. अक्षरं काकूंच्या स्वच्छतेत गेली.

"दोन दिवस बोललो नाही मी तिच्याशी," काका एकदा म्हणाले. "ती म्हणते, अहो, वाढता येतंय ना? झालं तर मग."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून काका त्या डावाच्या मागे होते. मधमाशीवाले तीन कारागीर पुस्तकात सापडले होते. त्यांतला कोण, ते कळत नव्हतं. दर शनिवारी मला फोन यायचा, "तुझे डोळे घेऊन ये." आम्ही टॉर्च तिरपा धरायचो, ठशावर वाफ सोडायचो. "हे कळल्याशिवाय मी मरायचा नाही," काका म्हणायचे.

"मग शोधताय कशाला?" मी म्हणायचो.

गेल्या शनिवारी त्यांनी देवघरातलं निरांजन पेटवलं, डावाची पाठ ज्योतीवर धरली, काजळी धरू दिली. तिच्यावर चिकटपट्टी दाबली, अलगद उचलली आणि पांढऱ्या कागदावर लावली. मधमाशी उमटली. तिच्याआधी, अगदी पुसट, एक व्ही.

"काका, व्ही!"

त्यांनी भिंग लावून बघितलं. "फ्रेंचमध्ये विधवेचा शब्द व्हीपासून सुरू होतो. नवरा गेला आणि बायकोनं कारखाना पुढे चालवला, तर ती हे अक्षर घालून स्वतःचा ठसा नोंदवायची."

"आणि मधमाशी?"

"ती त्याची. तिनं तशीच ठेवली."

पुस्तकात तिघांपैकी एकाच्याच विधवेचा ठसा निघाला. आता महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर सचित्र व्याख्यान येणार, या तयारीत मी होतो. काकांनी पुस्तक मिटलं. डाव नळाखाली धरून बोटानं काजळी धुतली. फ्रीजर उघडला. आत तयार पराठ्यांची पाकिटं एकावर एक रचलेली होती. त्यांनी तो पुन्हा लावून टाकला.

"भट्टी, कामगार, गिऱ्हाइकं, सगळं सांभाळलं रे त्या बाईनं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मेधा घरी आहे का? विचार तिला, आमटीत गूळ आधी घालतात की गोडा मसाला?"

मी बायकोला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काका, आधी सांगा, डाळ शिजवलीय का?" मेधानं विचारलं.

काकांनी पेन्सिल उचलली. "डाळ कुठली घ्यायची, तिथून सुरू कर."