बादलीतला बोया

समुद्रशास्त्रज्ञाने गुरुवारी बोया घरी आणला तो निव्वळ नाइलाजाने. कार्यालयाचा भांडारपाल कुलूप लावून रजेवर गेला होता, आणि पाच देशांनी मिळून समुद्रात सोडायच्या पाच बोयांपैकी त्याच्या देशाच्या वाट्याला आलेला हा एक सोमवारी जहाजावर चढवायचा होता. कलिंगडाएवढं तरंगतं यंत्र, आपली जागा आणि पाण्याचं तापमान थेट उपग्रहाला कळवणारं. त्याच्या अंगाला चुंबक चिकटलेलं असेतोवर ते झोपून राहतं. त्याने ते न्हाणीघरात खिडकीखाली ठेवलं.

"याचं चुंबक कुठंय?" रविवारी त्याने विचारलं.

"फ्रिजवर," आई म्हणाली. "गॅसवाल्याचा नंबर सारखा खाली पडायचा. आणि तो गोळा त्याच दिवशी बादलीत ठेवलाय. पायात येत होता."

"कुठल्या बादलीत?"

"माझ्या आंघोळीच्या. काही अडत नाही, बाजूनं तांब्या बुडतो."

तो तिथेच स्टुलावर बसला. एकदा जागं झालेलं यंत्र पुन्हा झोपत नाही. आयुष्यात पहिल्यांदा जहाजावर जायची संधी आली होती. ती गेली की निवृत्तीपर्यंत इतरांचे अहवाल तपासत बसायचं.

सोमवारी जहाजाऐवजी घरच्या संगणकावर पाचही देशांची तातडीची बैठक लागली. समुद्र रोज सकाळी एकाएकी तापतो आणि दुपारपर्यंत निवतो, यावर एका देशाने चाळीस पानी टिपणही केलं होतं. शास्त्रज्ञाला खोटं बोलायचाही कंटाळा आला.

"ते माझ्या आईच्या आंघोळीचं पाणी आहे," तो म्हणाला.

पडद्यावरचे चौघं आपापले कागद चाळू लागले.

"पण नकाशावर ठिपका भर शहरात दिसत असेल ना?" त्यानेच विचारलं.

"दिसला," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण तुमचा किनारा कुठवर येतो, हे विचारणं आम्हाला प्रशस्त वाटलं नाही."

मग टिपणवाल्याने घसा खाकरला. त्यांचा बोया अजून जकातीत अडकला होता. दुसऱ्यांचा मंत्र्यांच्या दालनात, काचेच्या कपाटात होता. तिसऱ्यांना आपला सापडतच नव्हता. अध्यक्षबाईंचा खोक्यात होता. खोकं कोणी उघडायचं यावर समिती नेमली होती.

"तुमचा निदान पाण्यात तरी आहे," त्या थकून म्हणाल्या.

वर्षअखेरीला आकडे तर दाखवायला हवेत. बाकीचे समुद्रात उतरेपर्यंत हा बोया जागचा हलवू नये, असा ठराव एकमताने झाला. जहाज अर्थातच रद्द.

तो खोलीबाहेर आला तेव्हा आई टॉवेल घेऊन उभी होती.

"झालं का तुझं? मला बादली हवीय."

"दुसरी घे," तो म्हणाला. "ही आता पाच देशांची आहे."