कॉन्ट्यूमलीच्या तीन अटी

आमच्या निरगुडसरमध्ये कुणाचा अपमान झाला, की तो माणूस आधी किसन सरांकडे जातो आणि मग भांडायला. बहुतेक वेळा भांडायचं राहूनच जातं.

सरांनी हायस्कूलमध्ये जन्मभर इंग्रजी शिकवलं. आम्हाला ते किती आलं यावर न बोललेलं बरं, पण ‘कॉन्ट्यूमली’ हा एक शब्द गावातल्या वायरमनलाही पाठ आहे. जुना इंग्रजी शब्द. दुसऱ्याला खिजगणतीत न धरता, मगरुरीनं केलेला अपमान, असा त्याचा अर्थ. हल्ली तो इंग्लंडातही कुणी फारसा वापरत नाही, असं मी एकदा म्हणालो. सर म्हणाले, “भाकड झाली म्हणून घरची गाय सोडून देतो का आपण?”

कुणी तणतणत आला की सर त्याला ओट्यावर बसवतात. “परतेक अपमान कॉन्ट्यूमली नसतो, राव. तीन अटी हायेत. समोरच्याच्या अंगात तोरा पायजे. त्यानं मुद्दाम केलेलं पायजे. आन् चारचौघांत केलेलं पायजे. तिन्ही बसल्या तर बोल, न्हाईतर चहा पी आन् घरी जा.”

बैलगाडा शर्यतीच्या घाटात माईकवाल्यानं बैलाचं नाव घेतलं, मालकाचं घेतलं नाही, म्हणून एक जण आला होता. सरांनी विचारलं, “पळलं कोण?” केस तिथंच निकालात. एका सुनेनं मात्र सासूला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, तेव्हा तिन्ही अटी बसल्या. “ही अस्सल कॉन्ट्यूमली,” सरांनी जाहीर केलं. आपल्या अपमानाला एवढा भारी शब्द आहे, या आनंदात सासू भांडायचंच विसरली.

मी हे सगळं हसण्यावारी न्यायचो. मग माझ्या मुलीचं लग्न निघालं.

पत्रिकेत माझ्या चुलत्यांचं, अण्णांचं नाव सगळ्यात वर हवं होतं. वडील गेल्यावर मला अण्णांनीच वाढवलं. पण छापताना ते नाव पार तळाला गेलं आणि मीही न वाचता पत्रिका वाटून मोकळा झालो. अण्णांनी हळदीला यायचं नाकारलं. लग्नालाही येणार नाही, असा निरोप आला. त्यांच्याशिवाय मांडवात उभं राहायची कल्पनाही मला सहन होईना. शेवटी सरांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि अण्णांचं दार गाठलं.

सरांनी अटी सांगितल्या. “चारचौघांत झालं का, अण्णा?”

“साऱ्या तालुक्यात वाटल्यात पत्रिका.”

“बसली अट. मुद्दाम केलं?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “हा? हा लहानपनापासनं येंधळा.”

“तोरा?”

“ह्याला कसला तोरा? चड्डीची नाडी मी बांधायचो ह्याची.”

“मंग न्हाई बसत,” सर म्हणाले. अण्णा उठून टोपी शोधायला लागले. मला रडूच आलं.

लग्न थाटात झालं. माईकवरून पाहुण्यांची नावं पुकारून झाली, पंगती बसल्या, आणि माईकवाल्याकडची यादी मी सहज चाळली. यादीत सरांचं नाव मी लिहिलंच नव्हतं. पळत पंगतीत गेलो. सर खाली मान घालून शांतपणे जेवत होते.

“सर, तुमचं नाव राहिलं.”

“कळलं मला. मुद्दाम?”

“नाही हो.”

“तोरा?”

“सर, काय बोलताय?”

“मंग बुंदी वाढ.”

मी बुंदी वाढली. ती त्यांनी खाल्ली नाही. ताटाकडे बघत म्हणाले, “माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात असंच माझं नाव राह्यलं व्हतं. मी भरल्या ताटावरनं उठलो. जानं-येनं तुटलं ते तुटलं. हा शब्द मला मागनं घावला, सुभाष. अटी लावून बघितल्या. एकच बसत व्हती.”

“मग गेला का नाहीत?”

“कोनत्या तोंडानं जाऊ? आता येडगावला असतो तो.” मग ताटातली बुंदी कडेला सारत म्हणाले, “उद्या गाडी मोकळी हाये का तुझी?”

दुसऱ्या दिवशी सरांना मागं बसवून येडगाव गाठलं. धरणाच्या अलीकडे मळ्यात घर होतं. अंगणात एक म्हातारा चाऱ्याची पेंढी सोडत होता. त्यानं वर पाहिलं. सरांनी घसा साफ केला. आता शब्द, अर्थ, अटी सगळं येणार, असं मला वाटलं.

“चुकलो,” सर म्हणाले.

म्हाताऱ्यानं पेंढी खाली ठेवली. मग घराकडे तोंड करून त्यानं हाक दिली, “अगं, ताट कर. दादा जेवायचा राह्यलाय.”

सर जेवले. मी हुश्श करून ओट्यावर बसलो. आत दोघं भाऊ बराच वेळ एकमेकांना नुसतं “घे, आनखी घे” म्हणत होते.