सागवान, आडजात आणि नामदेवभाऊ

नामदेवभाऊंच्या हॉलमधून संध्याकाळी स्वतःचा लॅपटॉप बाहेर न्यायचा, तर पास लागतो. भाऊ दाराशी टेबल टाकून बसतात आणि चिठ्ठी फाडतात. ‘माल : लॅपटॉप, काळा. नग : एक. दोष : डाव्या कोपऱ्यात तडा.’ खाली सही, वर शिक्का. लॅपटॉप माझा, तडा माझ्या पोरीने पाडलेला, तरी चिठ्ठीशिवाय सुटका नाही.

भाऊ आलापल्लीकडे लाकूड डेपोत तीस वर्षं कारकून होते. पासाशिवाय एक ओंडका फाटकाबाहेर गेला नाही, हे अजून छाती फुगवून सांगतात. निवृत्तीनंतर चंद्रपूरला आले आणि गोल बाजारामागच्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी टेबलं, कूलर, वायफाय बसवून जागा भाड्याने द्यायला काढली. भाडेकरूंची प्रतवारीही लाकडाचीच. महिन्यावाले सागवान, आठवड्यावाले आडजात, म्हणजे सागाखेरीजचं दुय्यम लाकूड, आणि तासावाले जळाऊ.

मी सागवान. पुण्याच्या एका कंपनीसाठी फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं माझं काम. घरी माझा फोन आणि सासूबाईंचा मिक्सर एकाच मुहूर्तावर सुरू व्हायचे. कंपनीने तंबी दिली, तेव्हा इथे आले. ही जागा सुटली तर नोकरीही सुटणार.

भाऊंना एकच खोड. आमचे सगळ्यांचे फोन ते मन लावून ऐकतात आणि वर निकाल देतात.

“बाई, तुमी त्याले सॉरी काऊन म्हनलं? चूक त्याची होती ना!”

एकदा फ्रीजवरून एक गिऱ्हाईक माझ्यावर ओरडत होतं. भाऊ माझ्या माइकपाशी वाकून म्हणाले, “दादा, आवाज खाली. बाई जेवली नाई अजून.” पलीकडचा गडी चक्क वरमला. मी मात्र घाईने माइक हाताने झाकला.

आम्ही ‘शांतता राखा’ अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी पाटी गायब! कोपऱ्यात गुपचूप चित्रं काढणाऱ्या आडजात पोराबद्दल तर त्यांनी मला हळूच विचारलं, “हा बिमार हाये का? बोलत नाई काई.”

गेल्या महिन्यात एक शिकवणीवाले सर आले. अख्खा हॉल हवा होता, वर्षभरासाठी. आमच्या माना खाली, कान वर.

सर म्हणाले, “भाऊ, आपल्याकडे शिस्त आहे. टाचणी पडली तरी ऐकू येईल.”

“मंग नाई जमत,” भाऊ म्हणाले आणि त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आले.

मी विचारलं, “भाऊ, इतकं चांगलं भाडं सोडलं?”

ते कूलरमध्ये पाणी भरत होते. पाठमोरेच बोलले. “घरची गेल्यावर दोन वर्सं या घरात माह्याच चपलेचा आवाज, बाई. जेवतानी घास वाजे तं मलेच भेव वाटे. तुमी लोकं भांडता, हासता, तं इथी कोणी राह्यते असं वाटते.”

इतके दिवस या माणसावर मी मनातल्या मनात चिडत होते, त्याची लाज वाटली. माझं काम कधीच संपलं होतं. तरी मी नागभीडच्या बहिणीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, “हं, सांग, काय म्हणते तुझी जाऊ?”

भाऊंनी बादली खाली ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.